व्हर्लिनचा रिकामा खिळा

वर्कशॉपच्या भिंतीवर, लेथच्या मागे, तीन खिळे ठोकलेले होते. प्रत्येक खिळ्याखाली एका माणसाचं नाव. केलेला जॉब, म्हणजे बनवून दिलेला भाग, वरच्या मजल्यांवरून नापास होऊन परत आला की तो ज्याने केला त्याच्या खिळ्याला टांगायचा. सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख आणि कारण. कारण ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. मग वर्षभर तो जॉब काढायचा नाही. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. करणारा कधीच मेला होता, आणि मरताना त्याच्या खिळ्यालाही दोन जॉब लटकत होते म्हणे.

शिमान्स्कीच्या खिळ्याला सात जॉब होते. तो त्याला नाताळचं झाड म्हणायचा. दुसरा खिळा फोरमनचा. त्याने वीस वर्षांत कागदाशिवाय काही बनवलं नव्हतं, त्यामुळे तो रिकामा होता आणि कोणी मोजत नव्हतं.

तिसरा खिळा व्हर्लिन टोकहाइमचा. अडतीस वर्षं रिकामा.

नियमाचा दुसरा भाग असा, की रिकाम्या खिळ्यानिशी जो रिटायर होईल त्याचा खिळा उपटून, क्रोम चढवून त्याला द्यायचा. आजवर तो कोणाला मिळाला नव्हता. व्हर्लिनचे चार महिने उरले होते. जेवणाच्या सुट्टीत तो त्या खिळ्याकडे बघत सँडविच खायचा. बायकोने घरी फायरप्लेसवर जागा रिकामी करून ठेवली होती, असं तो सांगायचा. बायकोला त्यातलं काही माहीत नव्हतं.

विस्कॉन्सिनमधल्या त्या युनिव्हर्सिटीत हृदयावर काम करणारे वर तीन मजले भरून होते. तळघरात हे तिघं. वरचे लोक चित्र काढून खाली पाठवायचे आणि खालचे लोक त्या चित्रात चुका काढून मग जॉब करायचे. प्रोफेसर प्रुइटचं चित्र आलं तेव्हा व्हर्लिनला त्यात एकही चूक सापडली नाही. याचा त्याला जरा रागच आला.

काम होतं ताणयंत्राचं. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयातल्या पेशी सुट्या करायच्या, रबरासारख्या पारदर्शक पडद्यावर वाढवायच्या आणि तो पडदा सेकंदाला एकदा दहा टक्के ताणायचा आणि सोडायचा. असे आठ पडदे. प्रत्येक पडद्याची दोन टोकं दोन जबड्यांत पकडलेली. एक जबडा स्थिर, दुसरा मोटरवर मागेपुढे. सगळं यंत्र एका गरम दमट पेटीत, कारण पेशींना अंगातल्यासारखं वाटलं पाहिजे.

चित्रात जबड्यांच्या आतल्या बाजूला लिहिलं होतं: खरखरीत ठेवा.

व्हर्लिनने ते वाचलं आणि नाक मुरडलं. खरखरीत पृष्ठभाग म्हणजे त्याच्या मते अर्धवट सोडलेलं काम. शेवटचा मोठा जॉब, वर आठ-दहा डॉक्टर लोक बघणार, आणि त्यावर कानशीचे ओरखडे? त्याने सोळा जबडे घासले, मग बारीक एमरी कागदाने घासले, मग पॉलिशच्या फिरत्या चाकावर, बफावर, धरले. दाढी करता येईल असा आरसा केला. शिमान्स्कीने एक उचलून त्यात दात बघितले.

"व्हर्लिन, लेका, हे उंदरासाठी आहे ना?"

"उंदीर असला म्हणून काय झालं?"

"काही नाही. मी मेल्यावर माझी शवपेटी तूच कर."

पाच नंबरची जोडी मात्र शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या हातून निसटली आणि फरशीवर आपटली. दोन्ही जबड्यांच्या तोंडावर खोल चरे गेले. घड्याळात साडेचार झाले होते. शुक्रवारी पाच वाजता तो आणि बायको आर्डिस तळलेला मासा खायला जायचे. चाळीस वर्षांत ती वेळ टळली नव्हती. त्याने जाड कानस आडवी मारून चरे काढून टाकले, सोमवारी पॉलिश करू म्हणून जोडी बाजूला ठेवली, आणि सोमवारी प्रुइटचा माणूस सकाळीच यंत्र न्यायला आला. ती जोडी तशीच बसली. खरखरीत बाजू आतच असते, कोणाला दिसणार? पण व्हर्लिनला ती दिसत राहिली. दातात अडकलेल्या धाग्यासारखी.

बाकी चाचणी त्याने चोख केली होती. बाकावर कोरडे पडदे लावून तीन दिवस यंत्र चालवलं होतं. पडदा केसभर सरकला नव्हता.

वर ते यंत्र चालवायची पांग वांग नावाची मुलगी. लाओसमधून आलेल्या हमोंग लोकांतली. तिचे आईबाप शनिवारच्या बाजारात भाजी विकायचे, आणि ती डॉक्टरेटच्या पाचव्या वर्षाला होती. वरच्या तीन मजल्यांत खाली येऊन "थँक यू" म्हणणारी ती एकटीच. येताना आईने केलेले, तांदळाच्या कागदासारख्या पापडीत गुंडाळलेले रोल आणायची. त्यामुळे शिमान्स्कीसुद्धा तिच्याशी नीट बोलायचा.

"पण पेशीला कळतं कसं, कोणी ओढतंय ते?" व्हर्लिनने एकदा विचारलं. "तिला ना डोळे, ना डोकं."

"पाय असतात," पांग म्हणाली. "पायांनी ती पडद्याला घट्ट धरते. पडदा ओढला की पाय ओढले जातात, पायांना आतून दोर बांधलेत ते ताठ होतात. आत स्प्रिंगा आहेत, त्या लांबतात. अंगावरच्या सालीत बारीक दारं असतात, ती ताणाने उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. या सगळ्यावरून पेशीला कळतं की ओझं वाढलंय."

"मग?"

"मग पहिल्यांदा ती जोरात आकसते. जास्त ताणलं तर जास्त जोरात. ओझं तसंच राहिलं तर आत नवे धागे विणायला घेते. जाड होते. आणि बाहेर एक रसायन सोडते. मी थेंब काढून तेच मोजते. तक्रार अर्ज समजा."

"डॉक्टरने माझ्या रक्तात मोजलं होतं ते?"

"त्याचंच भावंड. का? तुमचं वाढलंय?"

व्हर्लिन लेथ पुसायला लागला. त्याचं वाढलं होतं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला, हृदयाची डावी भिंत जाड झालेली. डॉक्टरने दोन गोळ्या दिल्या होत्या. त्यातली एक अशी की दर अर्ध्या तासाला लेथ बंद करून संडास गाठावा लागे. शिमान्स्की घड्याळ लावून बघायचा.

ऑक्टोबरात निकाल आले. पेशी सहा तास तक्रार करत, आणि मग गप्प. रसायन खाली. जाड होणं बंद. दर वेळी तसंच. प्रुइटला साक्षात्कार झाला. हृदय सरावतं! ताणाची सवय लागते आणि ते शांत होतं! तो जिन्यात, लिफ्टमध्ये, कॉफीच्या रांगेत हेच सांगत सुटला. त्याने स्वतःचा घटस्फोटही त्यात बसवला. नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी शिकागोत त्याचं मोठं भाषण ठरलं.

व्हर्लिनला तो सिद्धांत फार आवडला. त्याने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

"हे काय?" आर्डिसने डबी हलवून विचारलं. डबी खुळखुळली. "मंगळवार, बुधवार, गुरुवार, सगळं भरलेलं!"

"हृदयाला सहा तासांत सवय लागते. शास्त्राने सिद्ध केलंय. माझ्या यंत्रावर."

"कोणाचं हृदय?"

"उंदराचं."

"मोठ्या?"

"पिल्लाच्या."

"व्हर्लिन टोकहाइम, तू सदुसष्ट वर्षांचा आहेस आणि तुझं वजन दोनशे चाळीस पौंड आहे. उंदराच्या पिल्लाचं ऐकून तू मेलास तर मी चर्चमध्ये लोकांना काय सांगू?"

"यंत्र खोटं बोलत नाही. मी केलंय ते."

त्यावर आर्डिसने डबी टेबलावर ठेवून दिली. त्याच्या कामाला नाव ठेवायचं नाही हा त्या घरातला नियम होता. त्या वर्षी तिने त्याला हरणांच्या शिकारीला मात्र जाऊ दिलं नाही. जंगलात पडलास तर ओढून कोण आणणार, म्हणाली.

शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पांग खाली आली. रोल आणले नव्हते.

"एक विचारू? पाच नंबर असा का वागतो?"

व्हर्लिनचा हात चहाच्या कपावर थांबला. "कसा?"

"सात पडदे सहा तासांत गप्प होतात. पाच नंबर होत नाही. दोन-दोन दिवस पेशी तक्रार करतात, जाड होत राहतात, एका रेषेत उभ्या राहतात. प्रोफेसर म्हणतात तो पडदा खराब, सोडून दे. मी पडदे बदलले. पाचव्या जागी कोणताही लावा, तसाच वागतो."

"जागाच तशी असेल. पेटीत गरम."

"मोजलं. नाही."

ती गेल्यावर व्हर्लिनने दार लावून घेतलं. मग त्याने टाकाऊ डब्यातून आरसा केलेला एक तुकडा काढला, पडद्याची एक पट्टी घेतली, पट्टी त्याच्यावर दाबून ओढली. हलली नाही. मग त्याने तोंडाची वाफ तुकड्यावर सोडली आणि पुन्हा ओढली. पट्टी माशासारखी निसटली.

गरम दमट पेटी. त्याने चाचणी केली होती ती कोरड्या बाकावर.

शनिवारी शहरातले सगळे पुरुष नारिंगी जाकिटं घालून जंगलात होते. इमारतीत कुत्रं नव्हतं. व्हर्लिन सकाळी सातला पांगच्या प्रयोगशाळेत हजर झाला. हातात भिंग, मोजपट्टी, बारीक काळं पेन.

"प्रत्येक पडद्याच्या खालच्या अंगाला दोन ठिपके देतो. बरोबर एक इंचावर. पेशींना धक्का लागणार नाही. यंत्र चालू कर. दर दोन तासांनी ताणाच्या टोकाला थांबवायचं आणि ठिपक्यांतलं अंतर मोजायचं."

"पण कॉम्प्युटर दाखवतो की. दहा टक्के."

"कॉम्प्युटर मोटर किती हलली ते दाखवतो. पडदा किती ताणला ते त्याला कुठून कळणार? त्याला पाय आहेत का?"

नऊला यंत्र सुरू केलं आणि मोजलं. आठही पडद्यांवर ठिपके एक इंच आणि वर एक दशांश. बरोबर. अकराला सात पडद्यांवर कमी. एकला आणखी कमी. तीनला त्या सातांवर ठिपके पुन्हा एक इंचावर. मोटर इमानाने मागेपुढे होत होती आणि पडदे ओल्या दोरीवरच्या चादरीसारखे लोंबत होते. पाच नंबरवर मात्र ठिपके दर सेकंदाला एकमेकांपासून दूर जात, जवळ येत होते. पहिल्या तासासारखेच.

व्हर्लिनने कागदावर हिशोब केला. एकवीस हजार सहाशे ओढी. प्रत्येक ओढीला पडदा केसाच्या साडेतीनशेव्या भागाइतका सरकत होता. इतकी सावकाश चोरी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"म्हणजे पेशींना सवय नाही लागली," पांग हळूच म्हणाली.

"कसली सवय! सुट्टीवर होत्या त्या. ओढायला कोणी नव्हतं, तक्रार कोणाकडे करणार?"

"पण यंत्र थांबवल्यावर पडदा सैल दिसायचा तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, थांबल्यावर थोडा सैल पडतोच."

"म्हणालो होतो."

पांगने खुर्ची ओढली आणि बसली. "आता प्रोफेसर म्हणतील मी पडदे नीट आवळले नाहीत. स्क्रू मीच आवळते. दोन महिन्यांचं काम. ते म्हणतील, या मुलीच्या हाताला वळण नाही."

व्हर्लिनने भिंग खिशात टाकलं. त्याने स्क्रू आधीच तपासले होते. प्रत्येक स्क्रू सांगितला होता तितकाच, जोर दाखवणाऱ्या काट्यावर मोजून आवळलेला.

खाली येऊन त्याने शिमान्स्कीला फोन लावला. तो झाडावरच्या मचाणावर होता आणि कुजबुजत बोलत होता.

"मूर्खा, समोर हरीण आहे."

"जबडे घसरतायत. पॉलिशमुळे."

पलीकडून हसण्याचा फुत्कार. "गेलं हरीण. बरं ऐक. जाड कानस घे. सात जोड्या, जोडीला दहा मिनिटं. आज इमारतीत कोणी नाही. खरखरीत करून परत बसव. सोमवारपासून यंत्र नीट चालेल. कोणाला कळतंय?"

"आणि आधीचे दोन महिने?"

"त्याचं काय? पेशींचा मूड नव्हता. व्हर्लिन, तीन आठवडे राहिलेत. क्रोमवाल्याशी मी बोलून ठेवलंय, गाढवा!"

व्हर्लिनने फोन ठेवला. कानस खणातच होती. त्याने ती काढली, एका टाकाऊ तुकड्यावर चार हात मारले. खरंच दहा मिनिटांचं काम. घाम फुटण्याइतकंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात छातीत धडधडलं, मानेपर्यंत. गोळ्या बंद करून पाच आठवडे झाले होते. तो स्टुलावर टेकला. आत डाव्या भिंतीतल्या कोट्यवधी पेशी पायांनी धरून ताणल्या जात होत्या आणि अर्जावर अर्ज लिहीत होत्या. त्यांचे जबडे काही घसरणारे नव्हते.

आणि सोमवारपासून यंत्र नीट चाललं तर? त्याने हिशोब पुढे नेला. तेच यंत्र, तीच मुलगी, आणि निकाल एकदम उलटा. मग दोन महिने चूक कोणाची ठरणार? भाजीवाल्याच्या पोरीची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि तेही दुसऱ्याच्या पदराखाली.

त्याने कानस खणात ठेवली.

सोमवारी सकाळी प्रुइट शिकागोच्या भाषणाची चित्रं लावत बसला होता. पांग कोपऱ्यात उभी. व्हर्लिनने टेबलावर एक चकचकीत जबडा ठेवला आणि प्रुइटच्या ग्लासातलं पाणी बोटाने त्यावर शिंपडून वर पडद्याची पट्टी दाबली.

"पडदा ओढा यावरून."

प्रुइटने ओढला. पडदा निसटून त्याच्या टायवर पडला.

"याचा अर्थ काय?"

"अर्थ असा की हृदयाला सवय लागत नाही. माझा जबडा घसरतो. या मुलीने स्क्रू बरोबर आवळले होते, मी काट्यावर तपासलेत. पाच नंबर खराब नव्हता. आठांत तेवढाच एक चांगला होता, तोही माझ्या हातून पडला म्हणून."

प्रुइटने चित्रांकडे बघितलं. मग व्हर्लिनकडे. मग पुन्हा चित्रांकडे, जणू तिथून कोणी मदतीला येईल. "पण बुधवारी... पाचशे लोक येणार आहेत! माझ्या ड्रॉइंगमध्ये मी खरखरीत लिहिलं होतं की नाही?"

"लिहिलं होतं. तुमचं ड्रॉइंग बरोबर होतं."

"मग तुम्ही गुळगुळीत का केलं?"

व्हर्लिनने विचार केला. "छान दिसत होतं म्हणून."

प्रुइट खुर्चीत मागे रेलला. तो म्हणाला, "माझाही सिद्धांत छान दिसत होता." मग एकदम पांगकडे वळून ओरडला, "पाच नंबरचे आकडे आहेत का? सगळे? दोन महिन्यांचे?"

"आहेत. तुम्ही फेकून द्या म्हणाला होतात. मी फेकले नाहीत."

"मग इथे उभी का आहेस? आण!"

व्हर्लिन खाली आला. वर्कशॉपमध्ये शिमान्स्की हरणाच्या मांसाचं सॉसेज कापत होता. हरीण त्याच्या मेव्हण्याने मारलेलं. व्हर्लिनने जबड्याला तार बांधली, चिठ्ठीवर तारीख घातली आणि कारण लिहिलं. लिहायला त्याला वेळ लागला. अडतीस वर्षांत सवय नव्हती. मग त्याने जबडा आपल्या खिळ्याला अडकवला. खिळा इतका जुना, की भोवतालच्या रंगाचा टवका उडून खाली पडला.

शिमान्स्की चिठ्ठी वाचायला आला. *दिसायला चांगलं केलं. धरायला नाही. व्ही. टोकहाइम.*

"अक्षर बरंय," शिमान्स्की म्हणाला आणि सॉसेजचा तुकडा पुढे केला. व्हर्लिनने घेतला.

सात जोड्या त्याने दोन दिवसांत नव्याने केल्या. कानशीचे आडवे दाते, एकसारख्या खोलीचे, एकसारख्या अंतरावर. बफाकडे बघितलंही नाही. मग पेटीत, ओल्यात, चार दिवस चाचणी. केसभर सरकले नाहीत.

"काय भयाण दिसतंय," शिमान्स्की म्हणाला.

"ओढून बघ."

शिमान्स्कीने ओढलं. पडदा फाटला. पकडीतलं टोक हललं नाही.

डिसेंबरात, व्हर्लिनच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, वरचे लोक केक घेऊन खाली आले. पांगने रोल आणले, तिच्या आईने व्हर्लिनसाठी वेगळा डबा दिला होता. आठही पडद्यांवरच्या पेशी तीन दिवस न थांबता तक्रार करतात, हे तिने तीनदा सांगितलं. आर्डिस चर्चचा चांगला कोट घालून आली होती. आल्या आल्या तिने विचारलं, गोळी घेतली का? घेतली होती, दोन्ही. डॉक्टरने फोनवर त्याला इतकं झाडलं होतं, की व्हर्लिनने फोन कानापासून हातभर दूर धरला होता, आणि आर्डिसने तेवढ्या अंतरावरून सगळं ऐकलं होतं.

फोरमन भाषणाला उभा राहिला. कागद होताच त्याच्याकडे. "अडतीस वर्षांत," तो वाचू लागला, "व्हर्लिनचा एकही जॉब—"

"एक," व्हर्लिन म्हणाला. "तुझ्या मागेच आहे."

सगळे वळले आणि भिंतीकडे बघू लागले. जबडा दिव्याखाली चमकत होता. आर्डिस जवळ गेली, चष्मा वर केला, चिठ्ठी वाचली, मग त्या आरशात बघून केस नीट केले.

"चांगलंच पॉलिश केलंयस रे," ती म्हणाली.

"तेच तर," व्हर्लिन म्हणाला. त्याने घड्याळाकडे पाहिलं, केकची बशी शिमान्स्कीच्या हातात दिली आणि दाराकडे निघाला.

"कुठे? भाषण चालू आहे!" फोरमन म्हणाला.

"अर्धा तास झाला," शिमान्स्कीने सांगितलं. "चालू ठेव तू. येतो तो."